डोंगराचे अंतर तासांत मोजावे

स्वित्झर्लंडच्या उरी प्रांतात ग्योशेनेन नावाचे एक लहान रेल्वे स्थानक आहे. उत्तरेकडून जुन्या मार्गाने आलेली गाडी येथे थांबते आणि निघाल्यावर लगेच डोंगराच्या पोटातील बोगद्यात शिरते. बहुतेक प्रवासी गाडीतच बसून राहतात. जे थोडे उतरतात, त्यांना एक पिवळी पाटी दिसते. तिच्यावर पुढच्या गावांची नावे असतात आणि प्रत्येक नावासमोर एक आकडा असतो. भारतातून आलेला प्रवासी तो आकडा किलोमीटरचा समजतो आणि चालू लागल्यावर गोंधळतो, कारण तो आकडा तासांचा व मिनिटांचा असतो. त्या देशात पायवाटेचे अंतर पाटीवर लांबीने सांगत नाहीत. चालायला किती वेळ लागेल, ते सांगतात.

या रिवाजामागे साधा विचार आहे. सपाटीवरचे दोन किलोमीटर अर्ध्या तासात संपतात. तेच दोन किलोमीटर उभ्या चढाचे असतील तर दीड-दोन तास घेतात. डोंगरात लांबी फसवते, वेळ फसवत नाही. पाटीवरचा वेळ काढताना सपाट व चांगल्या वाटेवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरतात आणि चढ-उताराचा वेळ त्यात मिळवतात. विश्रांती मात्र त्यात धरलेली नसते. म्हणून पाटीवर तीन तास लिहिले असतील, तर मुले व वडीलधारी मंडळी बरोबर असलेल्या कुटुंबाने साडेचार तासांची तयारी ठेवावी. परदेशात डोंगरवाटेने पायी अथवा सायकलने जाऊ इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम हाच हिशेब शिकून घेणे इष्ट.

या पाट्या सहज उभ्या राहिल्या नाहीत. १९३० च्या दशकात आल्प्सच्या घाटरस्त्यांवर मोटारी वाढल्या आणि पायी चालणारा धुळीत सापडला. योहान याकोब एस या शाळामास्तरांनी पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र, खुणांनी दाखवलेल्या वाटा असाव्यात, असा आग्रह धरला आणि १९३४ मध्ये त्यासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९७९ मध्ये तेथील जनतेने मतदान करून पायवाटांना देशाच्या घटनेतच स्थान दिले. २०१८ मध्ये सायकलमार्गांचाही त्यात समावेश झाला. त्या वेळी सुमारे ७३.६ टक्के मतदारांनी होकार दिला. आज त्या लहानशा देशात खुणा केलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. नुसती पिवळी खूण असेल तर वाट सोपी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर वाट डोंगरी. तेथे घट्ट पकडीचे बूट हवेत आणि पाय सावध हवेत. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की ती वाट अनुभवी गिर्यारोहकांची समजावी व कुटुंबाने तेथून परतावे.

ग्योशेनेनहून वर जाणारी वाट व्यापारी घराण्यांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. ही गॉटहार्ड खिंडीची वाट. खिंडीची उंची २,१०६ मीटर. तिच्या उत्तरेला जर्मन बोलली जाते आणि दक्षिणेला इटालियन. खिंडीच्या परिसरात चार नद्यांचे उगम जवळजवळ आहेत: रॉइस, तिचिनो, ऱ्हाइन आणि ऱ्होन. माथ्यावर पडलेले पाणी उत्तरेला वळले तर रॉइसमधून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला जाते. दक्षिणेला वळले तर तिचिनोतून पो नदीला मिळून एड्रियाटिक समुद्र गाठते. या चारही उगमांना जोडणारी ८५ किलोमीटरची पायवाट आता आखलेली असून ती पाच टप्प्यांत चालतात.

तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही खिंड फारशी वापरात नव्हती. अडचण माथ्याची नव्हती, पायथ्याच्या बाजूची होती. ग्योशेनेन व अँडरमॅट यांच्यामध्ये श्योलेनेन नावाची अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून फेसाळत उतरणारी रॉइस. त्या काळात तेथे पूल बांधला गेला आणि कड्याला साखळ्यांनी टांगलेली लाकडी वाट तयार झाली. इतके अवघड काम माणसाच्या हातून झाले असेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून पूल सैतानाने बांधला, अशी दंतकथा रूढ झाली. पूल ओलांडणारा पहिला जीव आपला, अशी सैतानाची अट होती आणि गावकऱ्यांनी चतुराईने माणसाऐवजी बोकड पुढे सोडला, असे ती कथा सांगते. त्या घळीत आज दोन पूल दिसतात, एक १८३० सालचा आणि दुसरा १९५८ सालचा. टांगत्या वाटेऐवजी १७०८ मध्ये कड्यातून ६४ मीटरचा बोगदा कोरण्यात आला. आल्प्समधील रस्त्याचा तो पहिला बोगदा मानला जातो.

पूल झाला आणि मिलान व ऱ्हाइनचे खोरे यांच्यातील व्यापार या खिंडीतून वाहू लागला. दक्षिणेकडून तांदूळ, मद्य, रेशीम येई. उत्तरेकडून चीज, कापड आणि गुरे जात. माल घोड्याखेचरांच्या पाठीवरून जाई. तो वाहून नेणाऱ्यांना झॉयमर म्हणत. प्रत्येक खोऱ्यातील झॉयमरांचा संघ असे आणि आपल्या खोऱ्यातील वाहतुकीचा हक्क त्या संघाकडे असे. हद्द संपली की माल 'सुस्ट' नावाच्या वखारीत उतरवायचा, रात्री तो राखायचा आणि सकाळी पुढच्या संघाच्या स्वाधीन करायचा, अशी पद्धत होती. मिलानच्या व्यापाऱ्याने बांधलेले गाठोडे अशा रीतीने अनेक अनोळखी हातांतून जाऊन मुक्कामी पोहोचे. जकात, वखारीचे भाडे आणि वाहणावळ ठरलेली असे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. घाट कोठलाही असो, त्याचे अर्थशास्त्र सारखेच असते.

झॉयमरांच्या हिशेबात एक बाब आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. हवामान बिघडले की ते थांबत. हिवाळ्यात बैल पुढे घालून बर्फातून वाट पाडली जाई; पण हिमकडा कोसळण्याची भीती असेल तर माल वखारीत पडून राही. थांबलेले दिवस हा धंद्याचाच खर्च समजला जाई. खिंडीच्या माथ्यावर मध्ययुगापासून धर्मशाळा होती. तेथे निर्धन वाटसरूला विनामूल्य अन्न व आसरा मिळे, आणि त्यासाठी दूरदूरच्या गावांतून दान गोळा केले जाई. व्यापाऱ्यांच्या वाटेवरील या धर्मशाळेने किती जीव वाचवले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पुढे काळाने वेग मागितला. १८३० च्या सुमारास गाडीरस्ता पूर्ण झाला. १८४२ पासून पाच घोड्यांची टपालगाडी रोज धावू लागली. उत्तरेकडील फ्ल्यूएलेन सरोवराकाठापासून इटलीतील कोमोपर्यंत ती सुमारे २३ तास घेई. १८८२ मध्ये १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खुला झाला आणि टपालगाडीचा जमाना संपला. त्या बोगद्याच्या कामात सुमारे २०० मजूर दगावले. कामाचे प्रमुख लुई फाव्र यांनाही १८७९ मध्ये बोगद्यातच मृत्यूने गाठले. बोगदा आरपार झालेला त्यांनी पाहिला नाही. १९८० मध्ये मोटारींचा बोगदा झाला. २०१६ मध्ये त्याहून खोलवरून ५७ किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा सुरू झाला. आज प्रवासी गाडी तो सुमारे २० मिनिटांत पार करते. ज्या डोंगरासाठी पूर्वी दिवस लागत, तो आता हातातला चहा संपेपर्यंत मागे पडतो.

मग पायी वा सायकलने वर का जावे, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील आणि तो रास्त आहे. २० मिनिटांत बोगदा काळोख दाखवतो. घळ, पूल, वखारीची गावे, माथ्यावरची तळी, भाषा बदलते ती रेघ, यांपैकी काहीही त्यातून दिसत नाही. दहा दिवसांत सात देश पाहून परतलेल्या कुटुंबाला छायाचित्रे पुष्कळ मिळतात. पण डोंगर कोणत्या बाजूने चढला आणि कोणत्या बाजूने उतरला, हे घरातील मुलाला सांगता येत नाही. एकाच खिंडीला दोन दिवस दिले तर ते त्याला जन्मभर सांगता येते.

चालणाऱ्यासाठी क्रम असा लावता येतो. पहिल्या दिवशी ग्योशेनेनहून घळीतून अँडरमॅट. चढ सुमारे साडेतीनशे मीटरचा, वेळ पावणेदोन ते दोन तास. दुसऱ्या दिवशी होस्पेंटाल या जुन्या बुरुजाच्या गावावरून झॉयमरांच्या वाटेने माथा. माथ्यावरून दक्षिणेला ऐरोलो गाव सुमारे साडेनऊशे मीटर खाली आहे. उतार सोपा वाटतो, पण गुडघे उतारावरच बोलू लागतात. हातात काठ्या असाव्यात.

सायकलस्वारासाठी दक्षिणेची बाजू अधिक प्रसिद्ध. ऐरोलोहून वर जाणारा त्रेमोला हा जुना रस्ता गेल्या शतकापूर्वीच्या गाडीवाटेचाच वारसा आहे. ग्रॅनाइटचे घडीव दगड बसवलेला हा रस्ता २४ वळणे घेत कड्यावर चढतो. मोटारींची रहदारी नव्या रस्त्याने व बोगद्याने जात असल्यामुळे येथे बरीच शांतता असते. सुमारे १३ किलोमीटरमध्ये ९३० मीटरचा चढ आहे. हिशेब येथेही वेळेचाच करावा: सवयीचा हौशी सायकलस्वार तासाला ४०० ते ५०० मीटर उंची चढतो, म्हणजे दोन ते अडीच तास. विजेची मदत असलेली सायकल भाड्याने मिळते आणि साठीतल्या माणसालाही ती चढवते. मात्र उतारावर ती जड असल्यामुळे ब्रेकवर अधिक भार येतो. दगडी रस्ता ओला असेल तर घसरतो, कोरडा असेल तर मनगटे हादरवतो. चढताना घाम येतो आणि उतरताना वारा लागतो. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पाठपिशवीत एक कोरडा अंगरखा व वाऱ्याचे जाकीट असल्याशिवाय माथा सोडू नये.

घरातील सर्वांची ताकद सारखी नसते, म्हणून सर्वांनी एकाच रीतीने जाण्याचा हट्टही नसावा. उन्हाळ्यात अँडरमॅट व ऐरोलो यांना जोडणारी पिवळी टपालबस खिंडीवरून जाते. आजी-आजोबांनी बसने यावे, सुनेने व मुलीने पायवाटेने यावे, नातवाने सायकलने यावे आणि दुपारी सर्वांनी माथ्यावरील तळ्याकाठी डबा उघडावा, असा बेत सहज जमतो. एकाच माथ्यावर तीन पिढ्या आपापल्या पायांनी व चाकांनी पोहोचतात आणि कोणीही कोणासाठी खोळंबत नाही.

डब्याचा विषय निघाला म्हणून काही बाबी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. डोंगरातील उपाहारगृहांत बटाटा व चीज यांचा भरणा असतो. बटाटा वर्ज्य असणाऱ्यांना प्रसिद्ध रोस्टीचा उपयोग नाही. एमेंटालर, ग्रुइयेर ही पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात. शाकाहाराचा नेम काटेकोर पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नुसते 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, अंड्याचा उल्लेख वेगळा करावा लागतो. जर्मन भागात 'ओने फ्लाइश, ओने आयर' आणि इटालियन भागात 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा उओवा' म्हणजे मांस नको, अंडी नकोत. पाव, फळे, सुकामेवा सर्वत्र मिळतो. खाखरा, ठेपले, भाजलेले चणे आणि गूळ-शेंगदाणे यांना वजन कमी व बळ पुष्कळ. गावातील कारंज्यांचे पाणी सहसा पिण्याजोगे असते. जेथे नसते तेथे तशी पाटी लावलेली असते. जून-जुलैत तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या पुढे होतो आणि डोंगरी निवासांत रात्रीचे जेवण साधारण साडेसहाला वाढतात. दिवसाउजेडी जेवण्याचा नेम असणाऱ्यांची तेथे अडचण होत नाही.

हंगामाची अडचण मात्र खरी आहे. महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि त्या वेळी माथ्यावर पुष्कळदा बर्फ असतो. खिंडीचा रस्ता साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीपासून किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला राहतो. चातुर्मासात दूरचा प्रवास न करणाऱ्या घरांसाठी मग जूनचा मध्य ते चातुर्मासाचा आरंभ एवढाच अवधी उरतो. तिकिटे काढण्यापूर्वी खिंड खुली आहे का, हे पाहावे. ती खुली नसेल तर श्योलेनेनची घळ व अँडरमॅटपर्यंतचीच वाट चालावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उन्हाळ्यात आल्प्सवर दुपारनंतर गडगडाटी वादळे उठतात. म्हणून सकाळी सहा-सातला निघावे व दुपारच्या आत माथा ओलांडावा, असा तेथील अनुभवी लोकांचा परिपाठ आहे. वीज चमकू लागली तर कडा, शिखर व एकाकी झाड टाळून खाली उतरावे. हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. तरीही अपघात होतात, आणि त्यामागे पुष्कळदा अज्ञान नसते. भरलेले पैसे असतात. पलीकडच्या गावात खोल्या घेतलेल्या असतात, सायकलींचे भाडे दिलेले असते, विमान परवाचे असते. अकरा वाजता ढग काळे होतात, माथा तासाभरावर दिसतो आणि घरातील कर्ता माणूस म्हणतो, आता इतके आलो आहोत तर जाऊ या. दुकानात जी काटकसर गुण ठरते, ती येथे घात करते.

खरे पाहता मुरलेला व्यापारी असे वागत नाही. जो माल बुडणारच आहे त्यात केवळ आधी पैसे गुंतले म्हणून तो आणखी पैसे घालत नाही. गेलेली रक्कम गेली, आता पुढचे काय, असेच तो पाहतो. गल्ल्यावर बसून ही शिस्त पाळणाऱ्याने ती डोंगरातही पाळावी, इतकेच मागणे आहे. आणि येथे मागे फिरण्याची किंमतही अल्प आहे. होस्पेंटालला परतावे, अँडरमॅटहून दातेरी रुळांच्या छोट्या गाडीने ग्योशेनेन गाठावे आणि १८८२ च्या त्याच बोगद्यातून काही मिनिटांत ऐरोलोला उतरावे. घेतलेली खोली बुडत नाही, फक्त माथा राहतो. माथा पुढच्या वर्षीही तेथेच असतो.

निघण्यापूर्वी विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. अनेक प्रवासविम्यांत ठराविक उंचीवरील भटकंती, सायकलस्वारी किंवा बचावकार्याचा खर्च वगळलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून कार्यरत असलेली 'रेगा' ही हवाई बचावसंस्था १४१४ या क्रमांकावर मदतीला येते. पण हेलिकॉप्टरचा खर्च रुग्णाला किंवा त्याच्या विम्याला सोसावा लागतो. तो क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा आणि कोणती वाट धरली आहे, हे निवासातील यजमानांना सांगून निघावे.

झॉयमरांचा संघ आज नाही, वखारी ओस पडल्या आणि माल बोगद्यातून जातो. पण त्यांनी घालून दिलेला क्रम अजून उपयोगाचा आहे. ओझे पाठीला पेलेल इतकेच बांधावे, पहाटे निघावे, प्रत्येक टप्प्यावर हिशेब करावा आणि आभाळ फिरले तर वखारीत थांबावे. थांबलेला दिवस त्यांच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिला जाई. तोट्याच्या बाजूला तो कधी लिहिला गेला नाही.